हत्तीची दाढ

सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन आम्ही पैठणला गेलो होतो. मुनिसुव्रतनाथांचं दर्शन झालं. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणून हे घाई करत होते, आणि मी मात्र गोदावरीच्या काठी रेंगाळले. तिथे एक मुलगा नदीतले दगड पुढ्यात मांडून बसला होता. त्यातला एक उचलला तर चांगलाच जड. एका अंगाला ओळीने आडवे कंगोरे, नव्याने टाकी लावलेल्या पाट्यासारखे.

"हत्तीची दाढ हाय, मावशी."

पन्नास रुपये दिले आणि दगड रुमालात बांधला.

डिचोलीला आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हाड घरात आणलंस?"

"आई, हाड कुठलं? कधीच दगड झालाय त्याचा."

"झाला असेल. देवघराच्या बाजूला नको."

म्हणून तो दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने दाखवायची. आमच्या डिचोलीत खाणीचा दगड पोरंसोरंही ओळखतात, पण हा सगळ्यांनाच नवा.

पुढे शेजाऱ्यांकडे एक पाहुणे आले, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी दगड पुढे ठेवला. त्यांनी खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला. "दाढ खरी आहे," म्हणाले, "कुठे मिळाली?"

"पैठणला."

"पैठणला कुठे? काठावर पडलेली, की दरडीत रुतलेली? कुठल्या थरात? सोबत आणखी काय होतं?"

मी गप्प. मुलाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"मग आता हिचा उपयोग कागदावर ठेवायला," ते म्हणाले. रागाने नाही, जरा वाईट वाटून.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पैठण-मुंगीच्या परिसरात, वर नाशिककडे नांदूर मधमेश्वरला, गोदावरीच्या जुन्या गाळात हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तींचे अवशेष मिळाले आहेत. त्यातला 'नामाडिकस' म्हणजे जगात होऊन गेलेल्या सर्वांत मोठ्या हत्तींपैकी एक. नाव नर्मदेवरून पडलेलं. त्या नर्मदेच्या खोऱ्यात एके काळी पाणघोडेही होते! तिथेच हथनोऱ्याला 5 डिसेंबर 1982 रोजी अरुण सोनकिया यांना आदिमानवाची कवटी सापडली. ती कुठल्या थरात होती, त्याच थरात कोणत्या जनावरांची हाडं आणि दगडी हत्यारं होती, हे नोंदलेलं होतं म्हणून ती बोलू शकली. "तुमची दाढ मुकी आहे," ते म्हणाले.

आणि अशा जागा असतात तरी किती? माझं माहेर पेडण्याचं, सासर डिचोलीचं. दोन्हीकडे पाय टाकाल तिथे जांभा दगड. गोव्यातले बहुतेक मूळ खडक सस्तन प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीचे. आणि वरची तांबडी माती आंबट, त्यात आमचा धोधो पाऊस. पुरलेलं हाड काही काळातच विरून जातं. हाड टिकायचं तर गाळाने ते लगेच झाकायला हवं, आणि पाण्यातल्या क्षारांनी हळूहळू त्याची जागा घ्यायला हवी. हजारांतल्या एखाद्याच जनावराच्या वाट्याला हे येतं. तेही नदीने पुन्हा उघडं केलं तर आपल्याला दिसणार.

रात्री झोप येईना. आम्ही पाच व्रतांची नावं लहानपणापासून म्हणतो. त्यातलं तिसरं अचौर्य. न दिलेलं घेणं ती चोरी, अदत्तादान. मी तर पैसे मोजले होते! पण ते मुलाला. ती दाढ त्याची तरी कुठे होती द्यायला? आमच्या तालुक्यात कुडण्याला जैन मंदिराचे भग्न अवशेष आहेत. तिथला एखादा कोरीव दगड कुणी बागेत ठेवायला नेला तर मी चार माणसांत भांडेन. मग हे काय वेगळं?

माझ्यासारख्या हौशी बायकांपेक्षा मोठे हातही आहेत. वाळूच्या उपशात थरच्या थर ट्रकात भरून जातात, आणि कुठल्या घराच्या भिंतीत काय गेलं कुणाला कळत नाही. खाणीचं गाव असल्यामुळे हे मला सांगावं लागत नाही; एकदा उपसलेला डोंगर परत रचता येत नाही. हिमाचलात साकेतीला 1974 मध्ये शिवालिकच्या जीवाश्मांसाठी उद्यान झालं. जिथे हाडं निघाली, तिथेच ती जपलेली. अशा जागांसाठी कायद्याचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये लोकांसमोर ठेवला. पण कायदा नदीकाठी रोज उभा राहत नाही. तिथे असतो तो दगड विकणारा मुलगा, आणि माझ्यासारखं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक नसेल तर तो दगड उचलणार नाही. तो जिथे पडलाय तिथे शाळेतल्या गुरुजींना नेऊन दाखवेल, अशी आशा आहे.

गेल्या वर्षी पुन्हा पैठणला गेले. काठावर दगड होते. मोबाईलवर फोटो काढले, हात लावला नाही. तो मुलगा काही दिसला नाही.

दाढ अजून कपाटातच आहे. परत नेऊन टाकली तर आणखी एक खोटी जागा तयार होईल, असं पाहुण्यांनी सांगितलं होतं. तिच्याखाली मी चिठ्ठी ठेवली आहे : "गोदावरीकाठ, पैठण. थर माहीत नाही. चूक माझी."

पाहुणे चिठ्ठी वाचतात आणि हसतात. मग विचारतात, "चूक कसली?" तेव्हा मी चहा टाकते आणि पहिल्यापासून सांगायला बसते.