पाणबुडीतला पाहुणा

समुद्र आमच्या यवतमाळ जिल्ह्यापासून फार दूर. इथल्या मुलांना पाणी म्हणजे वर्धा, पैनगंगा, नाहीतर उन्हाळ्यात गावात येणारा टँकर. तरीही दर २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीदिनी, मी शाळेत एका पाणबुडीची गोष्ट सांगत आलो आहे.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी कील बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी निघाली. कप्तान होता वेर्नर मुझेनबर्ग. पाहुणे दोन : सुभाषबाबू आणि हैदराबादचे आबिद हसन. डिझेलच्या उग्र वासात अडीच महिने काढून ते मादागास्करजवळ पोहोचले. तिथे जपानची आय-२९ वाट पाहत होती. २८ एप्रिलला खवळलेल्या समुद्रात, रबरी तराफ्यावरून, दोघे तिच्यावर गेले. तिच्यावरचे दोन जपानी अधिकारी व सुमारे दोन टन सोने मुझेनबर्गच्या हवाली झाले. इथे मुले टाळ्या वाजवीत.

काही वर्षांपूर्वी एकदा मी ओघात सांगून गेलो, की भेटीच्या दहा दिवस आधी, १८ एप्रिलला, मुझेनबर्गने ‘कॉर्बिस’ हा ब्रिटिश तेलवाहू टँकर बुडविला. पाहुणे तेव्हा पाणबुडीतच होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “फादर, त्या टँकरवर मानसं किती होते?”

मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी सोने मोजले होते, माणसे मोजली नव्हती. पुस्तके धुंडाळली तेव्हा कळले : साठ होते, दहा वाचले.

शोध तिथेच थांबता तर बरे, असे क्षणभर वाटले. कारण आय-२९ चे पूर्वचरित्रही हाती आले. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली प्रवासी बोट ‘तिलावा’ हिनेच बुडविली होती. ९५८ माणसांपैकी २८० गेली. त्यांत बहुसंख्य आपलेच लोक. पाचच महिन्यांनी तीच पाणबुडी नेताजींना पूर्वेकडे घेऊन गेली.

मुझेनबर्गने परतीच्या वाटेवर ‘बोरिस’ हे ग्रीक जहाज बुडविले आणि जुलैच्या आरंभी तो फ्रान्समधील बोर्दोला पोहोचला. यू-१८० वरची त्याची मोहीम ही एवढीच. पुढे १९४४ च्या ऑगस्टमध्ये ती पाणबुडी नव्या कप्तानासह, सर्व खलाशांसह नाहीशी झाली. त्याआधी महिनाभर आय-२९ अमेरिकन पाणबुडीच्या तडाख्यात सापडली होती.

नेताजींविषयीचा माझा आदर उणावलेला नाही. गोष्ट मी अजूनही सांगतो, पण टाळ्यांची जागा आता सापडत नाही.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, गावच्या नावांनंतर मी ‘कॉर्बिस’ आणि ‘तिलावा’ ही दोन नावेही वाचली. मिस्सानंतर एका वृद्धेने दारात गाठले.

“फादर, हे दोघं कोनाच्या घरचे व्हत?”

“बोटी होत्या, आजी.”

“अन् आतले?”