खिशावरचा बिल्ला

भाचीचा पाचवीचा युनिफॉर्म आला आणि खिशावर बिल्ला शिवायचं काम माझ्याकडे. ढालीचा आकार, निळी कड, मध्ये उघडं पुस्तक, त्यावर क्रूस, खाली पिवळ्या ज्योतीची पणती. माथ्यावर तीन अक्षरं : आयएचएस. "मावशी, हा कशाचा शॉर्टफॉर्म?" तिने विचारलं. वसईच्या आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, शाळेत मी दहा वर्षं हाच बिल्ला छातीवर वागवला, पण मला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळपासून ही टिपणं.

*

ती अक्षरं इंग्रजी नाहीतच. ग्रीकमध्ये येशूच्या नावाची ती पहिली तीन अक्षरं : आयोटा, ईटा, सिग्मा. मधलं दिसतं 'एच'सारखं, उच्चार मात्र 'ई'चा. सिएनाचे संत बर्नार्डिन (१३८०–१४४४) हे नाव एका फळीवर रंगवून, भोवती सूर्याचे किरण काढून, प्रवचनात लोकांपुढे धरत. १५४१ मध्ये जेझुइट धर्मसंघाचे पहिले प्रमुख झालेल्या संत इग्नेशियस यांनी तेच आपल्या शिक्क्यावर घेतलं. जुन्या गोव्यात बॉम जेजूस चर्चच्या दर्शनी भिंतीवर वर पाहिलं की हीच अक्षरं दगडात कोरलेली दिसतात. बिल्ल्यावर ती करंगळीच्या नखाएवढी झाली आहेत. नाव तेच.

*

ढाल का? युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास शिरस्त्राणामागे चेहरा झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून ढालीवर खुणा रंगवू लागले. पुढे घराणी, शहरं, विद्यापीठं, शाळा, सगळ्यांनी ती रीत उचलली. पण ख्रिस्ती माणसाला ढाल म्हटलं की संत पौलाचं इफिसकरांस पत्र आठवतं. त्यात विश्वासाला ढाल म्हटलं आहे. ती जळते बाण विझवण्यासाठी आहे, वार करण्यासाठी नाही. मुलांच्या खिशावर असावी ती ही ढाल.

*

धर्मग्रामाचा आश्रयदाता संत कोण, यावर पुष्कळदा शाळेचं चिन्ह ठरतं. पेत्राच्या दोन किल्ल्या. योसेफाची लिलीची फुलं, नाहीतर सुतारकामाचा गुण्या. याकोबाचा शिंपला. पौलाची तलवार, सेबॅस्टियनचे बाण, लॉरेन्सची लोखंडी जाळी. शेवटची तिन्ही छळाची साधनं. ज्या तलवारीने पौलाचा शिरच्छेद झाला, तीच चित्रकार त्याच्या हातात देतात. लहानपणी मला हे भीतीदायक वाटे. आता वाटतं, मारणाऱ्याचं हत्यार मारल्या गेलेल्याची ओळख होतं, तेव्हा त्याची धार संपलेली असते. हे मुलांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना नुसती तलवार दिसते.

*

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण वसईतच, जेझुइटांच्या शाळेत. पुढे जपानला गेले, तिथली भाषा शिकले, फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून राबले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये ते संत जाहीर झाले. क्रूस आणि भाले ही त्यांची खूण. मी मात्र मुलांना आधी त्यांचं दुभाषेपण सांगीन. वसईच्या शाळेतला एक मुलगा परक्या माणसांची बोली शिकला आणि दोन लोकांच्या मध्ये उभा राहिला. शाळेने मिरवावी अशी ही गोष्ट आहे.

*

माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेमुळे मुंबईकरांना सलेशियन नाव ओळखीचं. त्या संघाचं चिन्ह १८८५ चं. त्यात तारा, नांगर आणि पेटतं हृदय : श्रद्धा, आशा, प्रीती. खाली छोटं रान, कारण इटालियनमध्ये 'बॉस्को' म्हणजे रान. संस्थापकाचं आडनावच चित्रात रुजवलं. नांगर म्हणजे आशा, हे वसईच्या पाचूबंदरमधल्या कोळ्याच्या पोराला समजवावं लागणार नाही. वाऱ्यात होडी कशाने थांबते ते त्याने पाहिलेलं असतं.

*

बांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ ची. ब्रीद लॅटिन, 'नातुस आद मायोरा' : अधिक थोर गोष्टींसाठी जन्मलेला. ज्याच्या नावाची ही शाळा, तो पोलंडचा स्टॅनिस्लॉस कोस्त्का जेझुइट संघात प्रवेश मिळावा म्हणून व्हिएन्नाहून पायी निघाला, रोमला पोचला आणि १५६८ मध्ये, अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत वारला. दहावीच्या मुलांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा. एवढं कळलं की त्या ब्रीदातला मोठेपणा मार्कांत मोजवत नाही.

*

पणतीकडे मी सर्वांत शेवटी आले. दिवा लावून झाकून ठेवू नये, घरातल्या सगळ्यांना उजेड मिळावा म्हणून तो उंच ठेवावा, ही येशूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) इथल्या देवळांनी आपल्या मातीतली रूपं अधिक मोकळेपणाने जवळ केली, वेदीपाशी समई आली. धर्मग्रामाच्या शाळेत सगळ्या घरांतली मुलं येतात. क्रूस काहींचा, ग्रीक अक्षरं तर कुणाच्याच ओळखीची नाहीत. पण सांजेला लावलेला दिवा भाचीने आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने, दोघींनी आपापल्या घरी पाहिलेला असतो. बिल्ला वाचायला शिकवायचा तर पणतीपासून सुरुवात करावी.

*

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाने एक तास बिल्ला वाचायला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. परीक्षा नको, प्रकल्प नको. बाईंनी किंवा फादरनी फळ्यावर बिल्ला मोठा काढावा आणि एकेका खुणेची गोष्ट सांगावी.

*

आईच्या ट्रंकेत माझा जुना बिल्ला सापडला. कड शाबूत, पुस्तक शाबूत, अक्षरंही. ज्योतीचा पिवळा धागा तेवढा उसवून गेला होता. रोज दप्तराचा पट्टा तिथेच घासत असणार.

भाचीच्या बिल्ल्याला कडेने दुहेरी टाके घातले. मग पिवळा दोरा ओवला आणि ज्योतीवर आणखी चार टाके घेतले.