रंगविलेली भिंत आणि झाडलेली वाट

यवतमाळाहून नैर्ऋत्येस सुमारें ४० किलोमीटर गेलें म्हणजे अरुणावतीच्या कांठीं आर्णी लागतें. बाबा कंबलपोश यांचा दर्गा येथें असून त्यांच्या उरुसास हिंदु-मुसलमान दोघेही लोटतात. दरसाल पाहुणे आपण होऊन ज्या गांवीं येतात, तेथें आल्यावर हल्लींच्या एका उपायाची आठवण होते : गरिबांच्या वस्त्या रंगवाव्या, म्हणजे प्रेक्षक येतील, आणि प्रेक्षक आले कीं वस्ती स्वच्छ राहील.

मुंबईस घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवरील घरें २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनीं रंगविलीं. मेट्रोगाडींतून तीं दिसूं लागतांच लोक इटलींतील पोझिटानो गांवाची उपमा देऊं लागले. यांत गैर कांहीं नाहीं. पाहुणे येणार म्हटलें कीं आपल्याही घरीं ओसरी आधीं झाडली जाते. परंतु रंग भिंतीस लागतो, गटारास नव्हे; आणि पहाटे संडासापुढें रांगेंत उभ्या असलेल्या बाईस त्या रंगाचें कौतुक तें किती वाटावें?

आम्हांस पुण्याचें उदाहरण अधिक मोलाचें वाटतें. १९९९ सालीं तेथील महापालिकेनें, रत्नाकर गायकवाड आयुक्त असतां, झोपडपट्ट्यांतील शौचालयांचें काम संस्थांकडे सोंपविलें. त्यांत 'स्पार्क'बरोबर 'महिला मिलन'च्या बायका होत्या. म्हणजे ज्यांना रांगेंत उभें राहावें लागे त्याच! मुलांची सोय निराळी झाली, आणि राखणदाराच्या कुटुंबास तेथेंच राहण्यास खोली मिळाली. ही युक्ति आम्हांस फार आवडली; राहत्या घरापाशीं घाण कोण सांचूं देतो? याच मंडळींनीं शौचालयांचे उत्सव भरविले, आणि जून २००१ मध्यें न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींत मुलांच्या शौचालयाची प्रतिकृति मांडली. महासचिव कोफी अन्नान ती पाहावयास आले. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हंसूं येईल; पण पाहुण्यास दाखविण्याजोगें तेथें खरोखरच कांहीं होतें.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) क्रमही हाच होता. गांवांत शिरतांच हातीं झाडू, आणि कीर्तन रात्रीं. घाण काढणें हें दुसऱ्याचें काम, अशा समजुतींत आपल्या घरांच्या पिढ्या गेल्या; बाबांनीं तें काम भर चव्हाट्यावर केलें.

आर्णीस पाहुण्यांची वाण नाहीं. उरुसाच्या आधीं वस्तींतील बायकांस विचारून, राखणदाराच्या खोलीसह एक शौचालय उभारावें, त्याचें पाणी व मैला कोठें जाईल तें पाहावें. मग त्याच्या भिंतींवर वेलबुट्टी खुशाल काढावी.