दोन नावांचे स्टेशन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने प्रवासवर्णन लिहावे, ही कल्पना आमच्या वर्गाला फारशी पटलेली नाही. "तू आपला जमाखर्च मांड, तेच तुला शोभेल," असा सल्ला मिळाला. तो मी मानला आहे. ब्रुसेल्सच्या प्रवासातली माझी हिशेबाची वही समोर ठेवूनच हे लिहीत आहे. मात्र त्या चार दिवसांतली एक गोष्ट कोणत्या खात्यावर टाकावी हे मला अजून कळलेले नाही. तिच्यासाठीच हा लेख.

त्याचे असे झाले. माझ्या मैत्रिणीची अक्का बेल्जियममध्ये ल्यूव्हनच्या विद्यापीठात संशोधन करते. परीक्षा संपल्यावर तिने धाकट्या बहिणीला चार दिवसांसाठी बोलावून घेतले. धाकटीला एकटी पाठवायला घरचे तयार होईनात, म्हणून सोबतीला मी. माझ्या तिकिटाचे निम्मे पैसे त्यांनी घातले, निम्मे बाबांनी पोस्टातली ठेव मोडून उभे केले. आईने अक्कासाठी कुंदा बांधायला घेतला होता. पण दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत असे कळल्यामुळे कुंदा बेळगावातच राहिला आणि शेंगाचटणीची पिशवी विमानात बसली. निघताना आईने विचारले, "तिथली माणसं कुठली भाषा बोलतात ग?" मी ऐटीत सांगितले, "दोन. आपल्यासारखीच."

इथे आमच्या मैत्रीतली एक गोम सांगितली पाहिजे. मैत्रीण कन्नड माध्यमातली, मी मराठी माध्यमातली. तिला मराठी उत्तम येते, कारण तिचे घर गल्लीच्या ज्या टोकाला आहे तिथे मराठीशिवाय भाजी मिळत नाही. मला कन्नड येते, कारण आमच्या घरमालकीण अज्जींच्या कट्ट्यावर माझे अर्धे बालपण गेले. तरीही आम्ही दोघी एकमेकींशी बोलत होतो ते इंग्रजीतून! पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर कोणती भाषा वर छापायची यावरून वर्गात वाद झाला. ती एका बाजूला होती, मी दुसऱ्या. शेवटी पत्रिका इंग्रजीत निघाली. भांडण मिटले, आम्ही एका बाकावर बसू लागलो, डबा वाटून खाऊ लागलो. पण बोलणे मात्र त्या पत्रिकेसारखेच राहिले. ती माझ्या भाषेत बोलली असती तर मी तिच्या भाषेत बोलले असते, आणि मी बोलले असते तर ती बोलली असती. आधी कोणी बोलायचे, एवढाच प्रश्न होता. तो दोन वर्षे सुटला नव्हता.

ब्रुसेल्समध्ये पाय ठेवल्यावर प्रथम नजरेत भरते ती रस्त्यांवरची नावे. प्रत्येक पाटीवर दोन भाषा, फ्रेंच आणि डच. लोण्याची एक गल्ली आहे. फ्रेंचमध्ये ती 'र्यू ओ बर' आणि डचमध्ये 'बोटरस्ट्राट'. शहरातला मुख्य चौक फ्रेंचमध्ये 'ग्राँ प्लास' आणि डचमध्ये 'ग्रोट मार्क्ट', म्हणजे मोठा बाजार. एका ओळीत एक भाषा, दुसरीत दुसरी. अक्षरे सारख्याच आकाराची. मी त्या पाट्यांचे इतके फोटो काढले की मैत्रीण म्हणाली (इंग्रजीत), "तू शहर बघायला आलीस की पुरावे गोळा करायला?" मी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर पुरावेच गोळा करीत होते.

तो चौक मात्र डोळे भरून पाहावा असा आहे. 1695 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने शहरावर तोफा डागल्या, तेव्हा भोवतालची बहुतेक घरे जळून गेली. ती पुन्हा उभी राहिली ती थोड्याच वर्षांत, आणि त्यांतली बरीचशी बांधली व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांनी. बेकरीवाल्यांचे एक घर, बिअर गाळणाऱ्यांचे दुसरे, नावाड्यांचे तिसरे. कंपनी कायदा पाठ करून आलेल्या मला, व्यापारी मंडळ एवढे देखणे काही मागे ठेवू शकते हे पाहून बरे वाटले. नगरभवनाचा मनोरा 96 मीटर उंच आहे आणि तो इमारतीच्या बरोबर मध्यावर नाही. ही चूक एकदा लक्षात आली की मग दुसरे काही दिसेनासे होते!

तिथून जवळच ते जगप्रसिद्ध कारंजे आहे. लहान मुलगा लघवी करतो आहे असा ब्राँझचा पुतळा. एवढ्या कीर्तीचा पुतळा दोन फुटांहूनही ठेंगणा निघाला. सणावाराला त्याला अंगरखे घालतात आणि त्याचे हजारावर पोशाख जपून ठेवलेले आहेत. मैत्रीण म्हणाली, "याच्याकडे माझ्याहून जास्त कपडे आहेत." बटाट्याच्या तळलेल्या कापांनी मात्र आमची निराशा केली. अनेक ठिकाणी ती गाईच्या चरबीत तळतात, हे अक्काने आधीच बजावले होते. तेलात तळणारे दुकान शोधण्यात तासभर गेला. वहीत त्या दिवशी नोंद आहे: पायपीट बरीच, बटाटे थोडे.

शेवटी वॉफल घ्यायला एका टपरीवर थांबलो. आत दोन मुली काम करीत होत्या, आमच्याच वयाच्या. गिऱ्हाइकांशी एक फ्रेंचमध्ये बोलत होती, दुसरी डचमध्ये. आणि एकमेकींशी? इंग्रजीत! साखर संपली, सुटे पैसे दे, सगळे इंग्रजीत. मी मैत्रिणीकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. दोघींनाही हसू आले आणि लगेच ते कुठेतरी गेले. उरलेले वॉफल आम्ही काही न बोलता खाल्ले.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. मैत्रिणीला ॲटोमियम पाहायचे होते. 1958 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली ती 102 मीटर उंचीची वास्तू. लोखंडाच्या स्फटिकाचा कण कित्येक अब्ज पट मोठा केल्यासारखे नऊ चकचकीत गोळे. मला शेअर बाजाराची जुनी इमारत पाहायची होती. ती 1873 साली पुरी झाली. पाठ्यपुस्तकातला शेअर बाजार प्रत्यक्ष पाहावा म्हणून गेले, तर तिथे आता बिअरचे संग्रहालय! 2023 पासून ते उघडले आहे. असो. बाजार कोसळतो म्हणतात तो असाही.

सकाळी निरोप घेताना मैत्रीण म्हणाली, "माझी मेट्रो तिथून थेट मिडीला येते. पाच वाजता मिडी स्टेशनवर भेटू." मी मान डोलावली. ल्यूव्हनच्या स्टेशनवर सगळी नावे डचमध्येच, त्यामुळे 'मिडी' हे नाव मी कुठे वाचलेच नव्हते. मी तर्क केला: मिडी म्हणजे मधले. मधले म्हणजे सेंट्रल. पाचला पाच कमी असताना मी सेंट्रल स्टेशनवर हजर.

पाच वाजले, साडेपाच झाले, सहा झाले. दिवसभर पाट्यांचे फोटो काढून माझा फोन मान टाकून बसला होता. परक्या देशात, गर्दीत, ओळखीचे एकही तोंड नाही. आधी राग आला, मग भीती वाटली, मग आईची आठवण आली. सव्वासहाला धीर करून एका गणवेशातल्या बाईंना विचारले, "मिडी स्टेशन हेच ना?" त्यांनी शांतपणे माझ्या डोक्यावरच्या फलकाकडे बोट दाखवले. तिथे मिडी आणि झाउट अशी दोन नावे शेजारी शेजारी होती. मिडी म्हणजे फ्रेंचमध्ये दक्षिण. डचमध्ये दक्षिणेला झाउट म्हणतात. स्टेशन एकच, नावे दोन, आणि ते इथून काही मिनिटांवर. ल्यूव्हनच्या फलकावर 'झाउट' मी रोज वाचत होते. ज्या दुहेरी पाट्यांचे शेकडो फोटो मी काढले, त्यांतली मला हवी असलेली एकच मी वाचली नव्हती.

मिडीला उतरले तेव्हा मैत्रीण एका खांबाला टेकून उभी होती. डोळे लाल. मला पाहताच तिचा बांध फुटला, आणि फुटला तो कन्नडमध्ये! कुठे मेली होतीस, पोलिसांकडे जाणार होते, तुझ्या आईला काय तोंड दाखवले असते, असा सगळा मारा. मीही गप्प बसणारी नव्हे. "मिडी मिडी काय लावलं होतंस? झाउट म्हणायला तोंड दुखत होतं?" असे मी मराठीत ओरडले. ती कन्नडमध्ये, मी मराठीत. येणारेजाणारे वळून पाहू लागले. दोघींचा दम संपला तेव्हा लक्षात आले की गेल्या पाच मिनिटांत आम्ही एकही शब्द इंग्रजी बोललो नव्हतो आणि एकमेकींचा एकही शब्द चुकला नव्हता. मग ती मराठीत म्हणाली, "काय गे, खाल्लंस तरी काय?" मी म्हटले, "इल्ल." आणि दोघी तिथेच बाकावर बसून खूप हसलो.

त्या रात्री अक्काला सारे सांगितले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी ती आम्हाला ल्यूव्हनच्या ग्रंथालयात घेऊन गेली. 1425 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. त्याचे ग्रंथालय 1914 च्या युद्धात जळाले, पुन्हा उभारले, 1940 मध्ये पुन्हा जळाले, पुन्हा उभारले. "दोन्ही वेळा शत्रूने जाळलं," अक्का म्हणाली, "तिसऱ्या वेळी मात्र घरच्यांनीच वाटून घेतलं." 1968 साली भाषेच्या प्रश्नावरून विद्यापीठ दुभंगले. डच विभाग ल्यूव्हनमध्ये राहिला आणि फ्रेंच विभागासाठी भाषिक सीमेपलीकडे एक नवे गावच वसवावे लागले. ग्रंथालयाची वाटणी क्रमांकावरून केली: विषम क्रमांकाची पुस्तके एकीकडे, सम क्रमांकाची दुसरीकडे.

आमच्या विषयात भागीदारी विसर्जनाचा एक धडा आहे. मालमत्ता, देणी, ताळेबंद, सगळे त्यात असते. अशी वाटणी मी त्यात वाचलेली नाही. आकड्यांनी ती अगदी चोख आहे. कोणालाच कमी नाही, कोणालाच जास्त नाही. एखाद्या ग्रंथाचा पहिला भाग इकडे आणि दुसरा तिकडे गेला असेल, तर तो वाचणाऱ्या मुलीचे काय, याला मात्र ताळेबंदात रकाना नाही.

दुहेरी पाट्या मला अजूनही हव्याच आहेत. 1956 पासून आमच्या गावात जे चालू आहे ते काही एका सहलीने सुटत नाही, आणि आपल्या भाषेतली पाटी मागण्यात मला काही चूक वाटत नाही. पण ब्रुसेल्समध्ये हेही कळले की सारख्या अक्षरांच्या पाट्यांखालीही शाळा वेगवेगळ्या असतात, आणि एकाच टपरीतल्या दोन मुली तिसरीच भाषा बोलत राहतात. पाटी सरकार लावू शकते. पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाशी आपले आपणच बोलावे लागते.

परत आल्यावर संपादकांनी आम्हा दोघींकडे लेख मागितला. हाच प्रवास मैत्रिणीने याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिला आहे. तो मी वाचला. तिच्या मते सगळी चूक माझी होती. ॲटोमियमवर तिने दोन पाने घालवली आहेत, आणि बटाट्यांची किंमत तिने चुकीची दिली आहे. माझ्याकडे पावती आहे. तिनेही हा लेख वाचला आणि शुद्धलेखनाच्या चार चुका काढून दिल्या. त्या सुधारल्या आहेत.

वाचकहो, ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांनी दोन्ही लेख वाचावेत. ज्यांना एकच येते, त्यांनी शेजारच्या बाकावर बसलेल्याला दुसरा वाचून दाखवायला सांगावे. आधी कोणी विचारायचे, हा प्रश्न उरतोच. आम्हाला त्याचे उत्तर मिळायला दोन वर्षे आणि पोस्टातली एक ठेव लागली.