सामाईक विहीर

माणूस देवाघरी गेल्यावर त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत, अशी आपल्याकडे रीत आहे. आपल्या वृद्ध स्त्रियांच्या वाट्याला बहुधा तीनच विशेषणे येतात : कष्टाळू, भाविक आणि प्रेमळ. आमची आजी ही तिन्ही होती. पण ती तितकीच हट्टीही होती. तिची श्रद्धा कशी होती हे सांगायचे तर तिच्या हट्टाची हकिकत वगळून चालणार नाही.

वडील तिला ‘आय’ म्हणत, म्हणून आम्ही नातवंडेही तिला आयच म्हणत असू. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका वाडीत, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती सून म्हणून आली. चौतिसाव्या वर्षी तिला वैधव्य आले. त्या वेळी थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, शाळेत होते आणि धाकटा काका अजून मांडीवर होता. तिच्या हाती पाच मुले, अर्धा एकर बागायत आणि विहिरीतला अर्धा वाटा एवढेच उरले होते.

त्या अर्ध्या एकरावर तिने पाचही मुले वाढवली. वाफ्यांत वांगी आणि पालेभाजी, मांडवावर पडवळ व दुधी, बांधाला मोगरा आणि कडेने केळी. केळीचा एक घड राजेळीचा ठेवून ती सुकेळी करी. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि सोपटात घट्ट बांधून ठेवायची, हे काम ती मुलांच्या हाती देत नसे. मुले बांधतात त्याहून जास्त खातात, असा तिचा अनुभव होता. पहाटे लाल लुगड्याचा कासोटा आवळून, डोक्यावर टोपली घेऊन ती वसई रोड स्टेशन गाठी आणि लोकलने दादरच्या बाजारात जाई. दुपारपर्यंत परत आली की आधी गोठा, मग चूल, आणि संध्याकाळी आंजेलुसची घंटा झाली की घरातल्या क्रुसापुढे जपमाळ. जपमाळ चालू असताना कुणी पेंगू लागले, तर ‘नमो मारिया’ न थांबवता ती त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घाली.

तिला अक्षरओळख नव्हती. तिची दिनदर्शिका संतांच्या सणांनी भरलेली होती. २४ जूनला संत योहान बाप्तिस्ताचा सण, म्हणजे पाऊस स्थिरावलेला असावा. ८ सप्टेंबरला पवित्र मारियेचा जन्मोत्सव, म्हणजे भात निसवलेले असावे. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे नाताळच्या तयारीला लागावे. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि ती मागच्या बाजूला बसून आपली जपमाळ ओढीत असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, आणि वेदीवरून वाचले जाणारे शुभवर्तमान चाळिशी उलटल्यावर तिला प्रथमच शब्दन् शब्द कळू लागले. हा तिला मोठा आनंद होता. मात्र या आनंदाची किंमत तिला लवकरच मोजावी लागली.

आमची विहीर दोन भावांची सामाईक होती. आजोबांच्या धाकट्या भावाचे घर बांधापलीकडे होते. त्यांची पत्नी, म्हणजे आयची जाऊ, तिला आम्ही ‘धाकटी आय’ म्हणत असू. विहिरीवर रहाट होता. रेडा गोल फिरे, पोहरे भरून वर येत आणि पाटाने पाणी वाफ्यांत जाई. दोन्ही घरांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. १९६८ च्या मे महिन्यात, विहिरीने तळ गाठलेला असताना, पलीकडच्या घरचा रहाट आमच्या पाळीच्या पहाटेपर्यंत चालूच राहिला. आयची वांग्याची रोपे करपली. दोघी जावा विहिरीच्या काठावर समोरासमोर उभ्या राहिल्या. बोलू नये ते बोलल्या. आणि त्यानंतर अकरा वर्षे एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

ही अकरा वर्षे सोपी नव्हती. पाणी तेच, पायवाट तीच, चर्चमधली बाजूही तीच. आम्हा मुलांना मात्र कुणी अडवले नाही. तापात असताना धाकट्या आयने पाठवलेली पेज आम्ही प्यालो आहोत आणि आयने केलेले नाताळचे फुगे बांधापलीकडे पोहोचवले आहेत. निरोप तेवढा कुणी देत नसे. अशा काळात एका रविवारी प्रवचनाचा विषय होता डोंगरावरील प्रवचनातील तो आदेश : अर्पण वेदीपाशी ठेवून आधी आपल्या माणसाशी समेट करावा. घरी येताना आय वडिलांना म्हणाली, “लॅटिन होते तेव्हा बरे होते.” सगळे हसले. ती हसली नाही.

१९७९ मध्ये धाकट्या आयच्या मुलीचे लग्न निघाले. लग्नाआधी नवरीच्या न्हाणाचे पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणण्याची आपली रीत आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. संध्याकाळी वाजंत्री आमच्या बांधावरून विहिरीकडे वळली. त्या दिवशी पाणी आमच्या पाळीचे होते, त्यामुळे बायका काठावर येऊन थबकल्या. आय वाफ्यात होती. तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि विहिरीपाशी येऊन पोहरा सोडला. पहिला हंडा तिने स्वतः भरला आणि जावेच्या डोक्यावर ठेवला. ठेवताना ती म्हणाली, “सांभाळून, काठ निसरडा आहे.” अकरा वर्षांनंतरचे तिचे पहिले शब्द हे एवढेच. क्षमा कुणी मागितली नाही आणि कुणी केलीही नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मिस्सेत दोघी एका बाकावर बसल्या होत्या.

पुढे धाकट्या आयलाही वैधव्य आले आणि दोघींची संध्याकाळची जपमाळ एकत्र होऊ लागली. तोवर वसई बदलू लागली होती. रहाट मोडून इंजिन आले, मग विजेचा पंप. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आमच्या वाडीतही सभा झाल्या. याच सुमारास उभ्या राहणाऱ्या इमारतींसाठी टँकरने पाणी विकत नेणारे लोक दारोदार फिरू लागले. आमच्याकडेही एक गृहस्थ आले. दोन्ही घरांतील तरुणांना पैशांची गरज होती, त्यांची मने डळमळली. दोघी म्हाताऱ्यांनी मात्र एका सुरात नकार दिला. आयचे म्हणणे एवढेच होते की, तहानलेल्याने आमच्या विहिरीवर यावे, हवे तेवढे भरून न्यावे. पण जे पाणी वाटून घेताना आम्ही अकरा वर्षे अबोला धरला, ते आता तासावर विकायचे नाही.

त्या नकाराने विहीर वाचली असे मात्र नाही. जमिनीखाली बांध नसतात. भोवतालच्या विहिरींतून अहोरात्र उपसा होत राहिला, गोडे पाणी खाली गेले आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकले. काही वर्षांत आमच्या पाण्यालाही मचूळ चव आली. मोगरा आधी गेला, मग पानाफुलांची बाग गेली. आयने तक्रार केली नाही. “आपण विकले नाही ना?” असे ती एकदा म्हणाली आणि खाऱ्या पाण्यालाही टिकणाऱ्या नारळांच्या आळ्यांत माती ओढू लागली. आपल्या वागण्याचा हिशेब आणि त्याच्या फळाचा हिशेब हे दोन वेगळे असतात, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या वाक्याने अधिक स्पष्ट केली.

धाकटी आय २००३ मध्ये गेली. आय पाच वर्षांनी, २००८ च्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत तिची स्मृती पुसट झाली होती. मुलांची नावे ती विसरे, पण जपमाळेची रहस्ये कधी चुकली नाही. अधूनमधून मात्र दचकून विचारी, “आज पाळी कुणाची?” आम्ही म्हणत असू, “दोघींची.” मग ती शांत होई.

आज वसई-विरारच्या नळांना सूर्या धरणाचे पाणी येते. आमच्या विहिरीवर जाळी आहे. धर्मग्रामाच्या दफनभूमीत जागा क्रमाने मिळते, त्यामुळे दोघींच्या कबरी शेजारी नाहीत. तरीही २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, दोन्ही घरांतली मुले दोन्हीकडे फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. त्यांतली आपल्या घरची आजी कोणती, हे सर्वांत धाकट्यांना नीट ठाऊक नाही. आम्हीही ते त्यांना मुद्दाम सांगत नाही.