चपलांच्या गल्लीत

मुलांनो, एक कोडं घालू? जी आपल्याला गावभर फिरवून आणते, काटे स्वतः सोसते, उन्हाचे चटके स्वतः खाते आणि घर आलं की आपण मात्र तिला दाराबाहेर ठेवतो. सांगा पाहू, ती कोण?

ओळखलंत ना! चप्पल!

आज मी तुम्हांला चपलांच्याच एका गल्लीत घेऊन जाणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. बाईसुद्धा चुकतात, बरं का!

शाळा नुकतीच सुरू झाली होती. पाचवीच्या वर्गात मी मुलांची माहिती भरून घेत होते. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी आल्यावर एक मुलगा गप्पच बसला. मी भर वर्गात मोठ्यांदा विचारलं, "अरे, बाबा काय करतात तुझे?" तो खाली मान घालून पुटपुटला, "चपला शिवतात." मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. मी "शांत बसा रे" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. रकाना तसाच कोरा राहिला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाने डबा उघडलाच नाही.

मी ही गोष्ट विसरूनही गेले. ती आठवली थेट दिवाळीच्या सुट्टीत, कोल्हापुरात!

त्याचं असं झालं, की माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. "चपला घ्यायच्या तर कोल्हापूरच्याच," असं आईने जाहीर केलं आणि माझ्या हातात यादी ठेवली. नवरदेवाला फेट्याखाली आणि शेरवानीखाली शोभेल असा झोकदार जोड. दादांना शेताच्या बांधावर टिकेल अशी दणकट चप्पल. आईला पैठणीवर शोभेल अशी नाजूक. आजीला हलकी, अजिबात न चावणारी. आणि मला दिवसभर फळ्यापुढे उभं राहता येईल अशी. माणसं पाच आणि प्रत्येकाची गरज वेगळी! सोबत सगळ्यांच्या पावलांची मापं होती. कागदावर पाय ठेवून, पेन्सिल फिरवून काढलेली.

साताऱ्याहून सकाळची एस.टी. पकडली. कराड मागे पडलं, दोन्ही बाजूंना उसाचे फड दिसू लागले आणि पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी कोल्हापुरात शिरली. आधी अंबाबाईचं दर्शन घेतलं. तिथून चालत पाचदहा मिनिटांवर, शिवाजी चौकाजवळ ती प्रसिद्ध गल्ली आहे. तिचं नावच मुळी 'चप्पल लाईन'!

काय सांगू तुम्हांला! दुकानाला लागून दुकान आणि प्रत्येक दुकानात जमिनीपासून छतापर्यंत चपलाच चपला. दोरीला टांगलेल्या, फळीवर मांडलेल्या, टोपलीत रचलेल्या. काही मधाच्या रंगाच्या, काही गडद तपकिरी, काही लाल गोंड्यांच्या, तर काही जरीच्या. हवेत कातड्याचा आणि तेलाचा एक उग्र वास. पहिल्यांदा नाक मुरडलं जातं, मग तोच वास आवडू लागतो. आणि दोन्ही बाजूंनी हाका, "या की ताई, बघून तर जावा!"

एका दुकानात मी शिरले. दुकानदार काका म्हातारे होते. त्यांनी माझी यादी वाचली आणि हसून म्हणाले, "अख्खं घरच आणलंय की पिशवीतनं!" मग त्यांनी मला चपलेची ओळख करून दिली. खाली असतो तो तळ. अंगठा जिथे अडकवायचा तो अंगठा. पावलावरून जातो तो पट्टा, त्यावर गुंफलेली वेणी. आणि पट्टा ज्यांना जोडलेला असतो, ते तळाच्या दोन बाजूंना बाहेर आलेले कान. बघा, चपलेलाही कान असतात!

दादांसाठी त्यांनी जाड तळाची, भारदस्त कापशी काढली. हे नाव कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून पडलेलं. आईसाठी पातळ तळाची, जरीच्या वेणीची. आजीसाठी रुंद पट्ट्याची. म्हातारपणी पाऊल पसरट होतं, अरुंद पट्टा रुततो. माझ्यासाठी साधी, पण आत मऊ अस्तर असलेली. आणि नवरदेवासाठी बारीक विणीची, लाल गोंड्याची, चालताना करकर वाजणारी!

काकांनी काही युक्त्याही सांगितल्या. त्या तुम्हीही लक्षात ठेवा. चप्पल किंवा बूट घ्यायला शक्यतो संध्याकाळी जावं, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. सकाळी नीट बसलेला जोड संध्याकाळी आवळू शकतो. दोन्ही पायांत घालून पाहावं. आपली दोन्ही पावलं तंतोतंत सारखी नसतात. कातड्याची चप्पल पायात जरा घट्टच घ्यावी, ती वापरून सैल होते. पहिला आठवडाभर रोज तास-दोन तासच घालावी. पावसात नेऊ नये. भिजलीच, तर सावलीत वाळवावी आणि मग हलकासा तेलाचा हात फिरवावा.

"आणि नवरदेवाला सांगा," काका म्हणाले, "चप्पल लग्नादिवशी पहिल्यांदा घालायची न्हाई. न्हाईतर फोटोत नवरदेव हसतोय का रडतोय, कळायचं न्हाई!"

मी पोट धरून हसले. पण किंमत ऐकल्यावर माझं हसू थांबलं. नवरदेवाच्या जोडाचे अठराशे रुपये!

"काका, आठशेला द्या," मी म्हणाले. बाजारात आपण सगळेच असं म्हणतो, नाही का?

काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, तुमी मास्तरीण हाय न्हवं? मग एकदा चप्पल कशी बनते ते बघून या. मग तुमी म्हणाल तो भाव." आणि त्यांनी मला पत्ता दिला सुभाषनगरचा. तिथे घरोघरी चपला बनवणारे कारागीर राहतात.

रिक्षाने तिथे पोचले. अरुंद बोळ, दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत एक काका जमिनीवर बसून रापीने कातडं कापत होते. रापी म्हणजे रुंद पात्याचं, धारदार हत्यार. शेजारी मावशी आरीने भोक पाडून टाके घालत होत्या. कोपऱ्यात एक आजी चष्मा लावून पट्ट्याची वेणी घालत होत्या. केसांची घालतात तशीच, पण वेणीच्या वाद्या शेवईपेक्षा जराशाच जाड!

मी विचारत गेले, ते सांगत गेले. कातडं कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. त्यामुळे ते कुजत नाही आणि त्याला तो मधासारखा रंग येतो. त्यालाच कित्येक दिवस लागतात. मग कातडं भिजवून मऊ करायचं, मापाने कापायचं, तळाचे थर एकावर एक ठेवून ठोकायचे. थरांच्या मध्ये कान बसवायचे. मग कडेने कातड्याच्याच वादीने शिवायचं, टाच लावायची, पट्टा, वेणी, अंगठा जोडायचा, घासायचं, तेल द्यायचं. आणि गंमत म्हणजे या सबंध चपलेत एकही लोखंडी खिळा नाही! कातडं कातड्यालाच धरून ठेवतं.

"एक जोड किती वेळात होतो?" मी विचारलं.

"साधा असंल तर लवकर हुतो. तुमचा तो गोंड्याचा म्हणाल तर तिघं मिळून दोन-तीन दिस," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोटांच्या टोकांवर आरीचे बारीक बारीक डाग होते. मग त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या, "ताई, तुमी बाजारात हजार रुपये कमी करता न्हवं, ते दुकानातनं कमी हुईत न्हाईत. ते हितं येऊन कमी हुतात."

मला काय बोलावं तेच सुचेना.

तेवढ्यात त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आत आला, मला नमस्कार केला आणि आतल्या खोलीत गेला. मावशी हळूच म्हणाल्या, "हुशार हाय. पर कॉलेजात सांगत न्हाई आईबाप काय करतात ते. एकदा सांगिटलं तर पोरं हसली म्हनं."

मुलांनो, त्या क्षणी मला माझा वर्ग आठवला. तो कोरा रकाना आठवला. आणि मागच्या बाकावरून आलेलं ते खुदकन हसूही!

विचार करा. हे तेच कोल्हापूर, जिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली, मागे ठेवल्या गेलेल्या समाजांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. संत रोहिदासांनीसुद्धा काशीत हाच व्यवसाय केला आणि सारा देश त्यांना हात जोडतो. मग चपला बनवणाऱ्याच्या मुलाला मान खाली का घालावी लागते? चप्पल आपण मिरवायची आणि ती बनवणाऱ्याला हसायचं, हा कुठला न्याय?

आणि ही काही साधीसुधी कला नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला 'भौगोलिक मानांकन' मिळालं. म्हणजे महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांत, ठरलेल्या पद्धतीने बनलेल्या चपलेलाच 'कोल्हापुरी' म्हणता येतं. यादीत आमचा साताराही आहे, हे मला तिथेच कळलं!

पुढे २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने फॅशनच्या कार्यक्रमात अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. आपल्याकडे लोक संतापले. मग कंपनीने मान्य केलं की या चपलांची प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे. त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घेण्याचं जाहीर केलं. किंमत सांगितली, एका जोडाला सुमारे आठशे युरो. आपल्या रुपयांत पाऊण लाखाहून जास्त! आणि मी अठराशेसाठी घासाघीस करत होते.

संध्याकाळी मी चप्पल लाईनमध्ये परत आले. काकांनी विचारलं, "मग ताई, काय भाव लावू?" मी काही न बोलता पाचही जोडांचे पूर्ण पैसे मोजून दिले. काकांनीच आपण होऊन आजीसाठी तेलाची छोटी बाटली पिशवीत टाकली.

सुट्टी संपली, शाळा भरली. या वेळी मी त्या मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुझ्या बाबांना कार्यानुभवाच्या तासाला बोलवू का? तुला चालेल?" तो बराच वेळ बोटं मोडत उभा राहिला. मग म्हणाला, "मीपण हत्यारं दाखवणार."

शनिवारी बाबा आले. त्यांनी वर्गातल्या एकाच्या पावलाचं माप घेतलं, कातडं कापलं, आरी चालवली. कोणाचं माप घेतलं, माहीत आहे? मागच्या बाकावर हसलेल्या मुलाचं! शेजारी उभा राहून आमचा विद्यार्थी एकेक हत्यार उचलून सांगत होता, "ही रापी. ही आरी. हिला हात नाही लावायचा, लागेल." सगळा वर्ग डोळे मोठे करून बघत होता. तास संपल्यावर तो मागच्या बाकावरचा मुलगा पुढे आला आणि बाबांना म्हणाला, "काका, मला शिकवाल?"

मी माहितीचा कागद पुन्हा काढला. त्या मुलाने स्वतःच्या हाताने कोरा रकाना भरला : 'चपला बनवतात.'

आता तुमच्यासाठी गृहपाठ! घरातल्या सगळ्यांच्या पावलांची मापं कागदावर काढा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. काही फरक दिसतो का, पाहा. आणि कोपऱ्यावर चप्पल शिवायला बसतात ना, त्या काकांकडे तुटलेला अंगठा घेऊन जाल, तेव्हा पाच मिनिटं थांबून त्यांचे हात नीट पाहा. आईबाबांनो, तुम्हीही थांबा. आणि पैसे देताना घासाघीस करू नका, बरं का!

हो, भावाच्या लग्नाचं सांगायचं राहिलंच. नवरदेवाने आठवडाभर आधीपासून चप्पल घालून सराव केला होता. त्यामुळे फोटोत तो छान हसतोय. फक्त शेवटच्या फोटोत तो अनवाणी आहे, कारण तोपर्यंत मेहुण्यांनी चप्पल पळवली होती!