बूच : मुद्दल राखणारी साल

पूर्वी बाटली फुटली तरी तिचे बूच कोणी फेकीत नसे. शिवणाच्या डब्यात सुया खोचण्यास, डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली चकती म्हणून, सुरीचे टोक झाकण्यास ते पुन्हा कामी येई. थर्मासचे, अत्तराच्या कुपीचे आणि औषधाच्या शिशीचे तोंड तर तेच राखी.

एवढ्याशा वस्तूस हा गुण कोठून लाभला? १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप कसा दिसतो ते दाखविले. लहान लहान बंद खोल्यांची ती रचना पाहून त्याने तिला ‘सेल’ म्हटले. या खोल्यांत हवा कोंडलेली असते. म्हणूनच बूच दाबले की दबते, सोडले की फुगून गळ्यास घट्ट बसते, आणि पाण्यावर तरंगते.

आपल्याकडे सुगंधी पांढऱ्या फुलांचे बुचाचे झाड परिचित आहे. त्याची साल हलक्या प्रतीच्या बुचासाठी वापरली जाई. अस्सल बूच मात्र भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकवृक्षाचे. जगातील सुमारे निम्मे बूच एकटा पोर्तुगाल पुरवितो. तेथे हे झाड तोडीत नाहीत. ते पंचविशीला आले की उन्हाळ्यात कुशल कारागीर कुऱ्हाडीने बाहेरची साल तेवढी सोलतात. आतल्या सालीस इजा होऊ देत नाहीत. मग खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवितात आणि निदान नऊ वर्षे झाडास हात लावीत नाहीत. बाटलीजोगी साल मिळते ती तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. लावणारा आजोबा, तर लाभ नातवाचा! पुढे मात्र शंभराहून अधिक वर्षे हे उत्पन्न चालू राहते.

व्याज खावे, मुद्दल राखावे, हा पेढीचा जुना नियम या रानात असा पाळला जातो. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. प्लास्टिकची बुचे आणि पत्र्याची फिरकीची झाकणे स्वस्त पडतात. बुचाला गिऱ्हाईक उरले नाही, तर चाळीस वर्षे वाट पाहून झाड कोण वाढवील? काही झाडे न तोडल्याने वाचतात. हे झाड त्याच्या मालाला मागणी राहिली तरच वाचते. खरेदी करताना केवळ किंमत पाहणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे.